नाव एकाच जागी लिहावे

जिल्ह्याचे नाव बदलले की सर्वांत आधी हाताला काम मिळते ते पाट्या रंगवणाऱ्यांच्या आणि रबरी शिक्के करणाऱ्यांच्या. 31 मे 2023 रोजी चौंडी येथे अहमदनगर जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली, मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली आणि त्याच वर्षी ‘अहिल्यानगर’ हे नाव अधिकृत झाले. नामांतर उचित की अनुचित, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. त्या निमित्ताने एक साधी गोष्ट मात्र दृष्टीस पडली. ज्या कचेरीत पत्रावर जिल्ह्याचे नाव शिक्क्याने उमटवण्याची रीत होती, तिथे एक शिक्का बदलून काम भागले. ज्या कचेरीने छापील कागदांची रिमे कपाटात भरून ठेवली होती, तिथे कारकुनाला एकेका कागदावरील जुन्या नावावर रेघ ओढून वर नवे नाव लिहावे लागले. नाव एकच, बदलही एकच. परंतु एकाला पाच मिनिटे पुरली आणि दुसऱ्याला पावसाळा.

माझ्यापाशी कचेरी नाही. पाथर्डी तालुक्यात इतिहास आणि मराठी शिकवणारा मी एक माध्यमिक शिक्षक आहे. मात्र गेल्या काही वर्षांत माझे स्वतःचे असे एक संकेतस्थळ उभे राहिले आहे. शिष्यवृत्ती परीक्षेचे सराव प्रश्नसंच, इतिहासाची टिपणे, निबंधांचे मुद्दे, जिल्ह्यातील स्थळांची माहिती अशी सुमारे चारशे पाने त्यावर आहेत. नामांतर झाले तेव्हा प्रत्येक पानाच्या तळाशी असलेला पत्ता मी एका ओळीत बदलला. चारशेही पानांवर नवे नाव क्षणार्धात उमटले. या यशाने थोडा चढून जाऊन मी पुढचा मोह केला. मजकुरात जिथे जिथे ‘नगर’ दिसेल तिथे तिथे ‘अहिल्यानगर’ करावे, अशी आज्ञा यंत्राला दिली आणि निश्चिंत मनाने झोपलो.

सकाळी पाहतो तो, मलिक अहमदने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या नावावरून ‘अहिल्यानगर’ वसवले होते. अहिल्याबाईंचा जन्म 1725 चा. नगरपालिकेची ‘अहिल्यानगरपालिका’ झाली होती, छत्रपती संभाजीनगरचे ‘छत्रपती संभाजीअहिल्यानगर’ झाले होते आणि दल सरोवर ‘श्रीअहिल्यानगर’ येथे येऊन ठेपले होते. एका विद्यार्थ्याने हे सारे प्रश्नोत्तराच्या वहीत इमानाने उतरवूनही घेतले होते.

या फजितीची कथा सांगण्याचा उद्देश निव्वळ करमणुकीचा नाही. वैयक्तिक संकेतस्थळाची चौकट, जिला संगणकाच्या परिभाषेत ‘फ्रेमवर्क’ म्हणतात, ती आपली आपण उभारणे आणि उभारलेली पुन्हा पुन्हा सुधारत राहणे, हा हौशी माणसांचा उद्योग आहे असा समज आढळतो. वास्तविक या उद्योगात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. आपण एकदा लिहिलेले पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडत राहावे, यासाठी ते कसे मांडावे, हा तो प्रश्न होय. शिक्षकाला आणि कारकुनाला तो नवा नाही.

चौकट म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानावर काही भाग सारखाच असतो: वर नाव, बाजूला अनुक्रमणिका, खाली पत्ता. प्रथम माणूस एक पान तयार करतो, मग त्याची नक्कल करून दुसरे, मग तिसरे. मीही 2011 साली असेच केले. चाळीस पाने झाल्यावर अनुक्रमणिकेत एक ओळ वाढवायची म्हणजे चाळीस ठिकाणी हात घालावा लागे. तेव्हा समाईक भाग एका साच्यात ठेवून, मजकूर वेगळ्या फायलींत लिहून, दोहोंचे पान करणारी आज्ञावली लिहिण्याची गरज निर्माण झाली. हीच चौकट. तिचा जन्म विद्वत्तेतून नव्हे, कंटाळ्यातून होतो. रासमुस लेरडॉर्फ नावाच्या गृहस्थाने आपल्या वैयक्तिक पानाला कोण कोण भेट देते याची नोंद ठेवण्यासाठी काही आज्ञावल्या लिहिल्या आणि 1995 साली त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यांतूनच ‘पीएचपी’ ही भाषा निपजली. त्या तीन अक्षरांचा मूळ अर्थ ‘पर्सनल होम पेज’ असाच होता. पुढे जगातील असंख्य संकेतस्थळांनी या घरगुती अवजाराचा आधार घेतला.

यावर आक्षेप येतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. तयार चौकटी असताना शिक्षकाने हा खटाटोप का करावा? 2003 पासून वर्डप्रेस आहे, फुकट अनुदिनी देणाऱ्या कंपन्या आहेत. एका तासात पान तयार होते. माझे कित्येक शिक्षकमित्र याच मार्गाने गेले आणि त्यांनी उत्तम काम केले. ज्याला केवळ लिहायचे आहे त्याने तसेच करावे, असेच मीही म्हणेन. परंतु दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला संसार ओसरीच्या मालकाच्या मर्जीवर असतो. ‘जिओसिटीज’ या सेवेवर लक्षावधी लोकांनी आपली वैयक्तिक पाने वसवली होती. ऑक्टोबर 2009 मध्ये कंपनीने ती सेवा बंद केली, आणि ज्यांनी नकला ठेवल्या नव्हत्या त्यांचे लिखाण त्यांच्या हातून गेले.

माझे दुसरे कारण अधिक स्थानिक आहे. आमच्या पाथर्डी-शेवगाव भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात आणि चैत्रापर्यंत परतत नाहीत. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. कोपीत वडिलांच्या मोबाईलवर, मिळेल तेवढ्या रेंजमध्ये, ती माझे पान उघडतात. देवनागरीच्या एकेका चिन्हाला संगणक तीन बाइट जागा देतो. इंग्रजीला एक पुरते. आधीच आपला मजकूर जड, त्यावर तयार चौकटीने सरकत्या चित्रांचा आणि झगमगाटाचा भार चढवला, तर पान उघडेपर्यंत फोनची बॅटरी संपते. माझे पान हलके राहावे यासाठी त्यात काय घालायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार मला हवा होता.

आता मुख्य मुद्दा. चौकट जुनी होते. 2016-17 पासून शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली. माझ्या संकेतस्थळाच्या रचनेत मात्र ‘चौथी’ आणि ‘सातवी’ हे शब्द पत्त्यांत, अनुक्रमणिकेत, आज्ञावलीच्या अंतरंगात सर्वत्र विखुरलेले होते. ‘सातवी’च्या पेटीत आठवीचे प्रश्नसंच ठेवून मी दोन वर्षे ओढली. प्रत्येक नव्या गरजेला एक ठिगळ लागे. अशा वेळी एक विचार मनात हमखास येतो: हे सगळे मोडून टाकावे आणि पहिल्यापासून नीट लिहावे. हा विचार जितका आकर्षक, तितकाच घातक आहे. नेटस्केप या एके काळच्या बलाढ्य कंपनीने 1998 मध्ये आपल्या प्रसिद्ध न्याहाळकाची आज्ञावली टाकून देऊन नव्याने लिहायला घेतली. नवी आवृत्ती बाहेर यायला 2000 सालचा नोव्हेंबर उजाडला आणि तोपर्यंत मैदान प्रतिस्पर्ध्याने मारले होते. जोएल स्पोल्स्की यांनी त्याच वर्षी या निर्णयावर कठोर टीका केली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की जुन्या आज्ञावलीतील विद्रूप वाटणारी ठिगळे ही बहुधा पूर्वी सापडलेल्या चुकांची दुरुस्ती असते. ती टाकणे म्हणजे मिळवलेले ज्ञान टाकणे.

हे मी वाचले होते. तरीही 2018 च्या दिवाळीच्या सुटीत मी सगळे मोडून नवे लिहिले. नवी चौकट देखणी होती, आटोपशीर होती. तिच्यावर मी इतका खूश होतो, की जुने पत्ते आता उघडत नाहीत याकडे लक्ष गेले तरी ‘लोक शोधून घेतील’ असे म्हणून सोडून दिले.

आठवीतील एक मुलगी त्या हंगामात आईवडिलांबरोबर तोडीवर गेली होती. जाताना तिने प्रश्नसंचांचा पत्ता वहीच्या मागच्या पानावर सुवाच्य अक्षरांत लिहून घेतला होता. 2019 च्या फेब्रुवारीत परीक्षेसाठी ती एकटी परत आली, तेव्हा मी विचारले, “संच सोडवलेस ना?” ती म्हणाली, “सर, पान सापडत नाही असं येत होतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.” तिने तो पत्ता अनेकदा, अक्षर न् अक्षर ताडून, घालून पाहिला होता. गुणवत्ता यादीत तिचे नाव आले नाही. संच मिळाले असते तर आले असते, असा दावा मी करत नाही. परंतु चूक माझी असताना ती स्वतःला दोष देत राहिली.

‘रिफॅक्टरिंग’ या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. विल्यम ऑपडाइक यांनी 1992 मध्ये इलिनॉय विद्यापीठातील आपल्या प्रबंधात या विषयाची शास्त्रीय मांडणी केली आणि मार्टिन फाउलर यांच्या 1999 च्या ग्रंथाने तो सर्वत्र पोचवला. व्याख्या अगदी सोपी आहे: बाहेरून दिसणारे वर्तन यत्किंचितही न बदलता आतली रचना सुधारणे. सगळा भर ‘न बदलता’ या शब्दांवर आहे. आमच्याकडच्या माळवदी घरात वाळवी लागलेला खांब बदलायचा झाला, तर सुतार आधी तुळईला टेकू देतो, मग जुना खांब काढतो, नवा बसवतो आणि शेवटी टेकू हलवतो. घरातील माणसे तोवर त्याच घरात स्वयंपाक करत असतात. एका वेळी एकच खांब.

आज्ञावलीतील टेकू म्हणजे पडताळा. मी काम सुरू करण्यापूर्वी सर्व पाने जशी दिसतात तशी एका बाजूला जतन करून ठेवू लागलो. मग एक लहानसा बदल करायचा, सर्व पाने पुन्हा तयार करायची आणि यंत्राकडून जुन्या-नव्याची अक्षरशः तुलना करून घ्यायची. एका स्वल्पविरामाचाही फरक निघाला, तर बदल मागे घ्यायचा. 2018 पूर्वीचे पत्तेही शोधून काढले आणि प्रत्येकाच्या दारावर ‘कायमचे स्थलांतर’ अशी चिठ्ठी लावली. संगणकाच्या व्यवहारात तिला 301 हा क्रमांक आहे. हे काम रटाळ आहे. त्यात कसलेही शौर्य नाही आणि शेवटी दाखवायला काही उरत नाही, कारण काही दिसू नये हेच तर त्याचे यश.

एक उदाहरण देतो. मराठीत ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील ‘ऱ्य’ संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. एक, टिंब असलेल्या ‘ऱ’ ला हलंत लावून. दुसरी, साध्या ‘र’ ला हलंत देऊन आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही एकच. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. ‘ॲ’ चीही तीच गत. कोणी अखंड अक्षर लिहितो, कोणी ‘अ’ वर चंद्र चढवतो. माझी जुनी टिपणे युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेली होती. त्यांचे रूपांतर करताना एक रीत आली, नव्या टंकलेखनातून दुसरी आली. परिणामी ‘तिसऱ्या’ हा शब्द शोधला तर निम्मी पाने सापडत आणि निम्मी दडून राहत. हे सारखे करणारी आज्ञा मी लिहिली होती खरी, परंतु एकदा शोधासाठी, एकदा सूचीसाठी, एकदा छपाईसाठी आणि एकदा पान तयार करताना, अशी चार ठिकाणी. आणि चारही ठिकाणी काळाच्या ओघात वेगवेगळी दुरुस्ती झाली होती. त्या चार आज्ञांची एक करायला मला दोन रविवार लागले. एक करताना कळले, की चौघींपैकी एकीत असलेली एक विचित्र अट नव्या प्रश्नसंचांसाठी निरर्थक असली, तरी जुन्या फाँटमधील एका चुकीवर ती उतारा म्हणून बसवलेली होती. ती मीच बसवली होती आणि विसरलो होतो. 2018 मध्ये मी असे किती उतारे फेकून दिले असतील, याची गणती आता होणे नाही.

या कामाला लागणाऱ्या वृत्तीचा एक थोर दाखला आमच्या जिल्ह्याशी निगडित आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढील तीन शतकांत नकलाकारांच्या हातून तिच्यात अपपाठ शिरले. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, 1584 साली, तिचा पाठ शुद्ध केला. नाथ स्वतः समर्थ कवी होते. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी विस्तृत टीका लिहिली. तरीही शुद्ध प्रत करताना त्यांनी तिच्यात स्वतःची भर घातली नाही, उलट पुढे कोणी तशी घालू नये म्हणून इशारा देऊन ठेवला. नाथ मूळ रूपाकडे परत जाऊ पाहत होते आणि आज्ञावली सुधारणारा नव्या रचनेकडे जातो, हा भेद मला मान्य आहे. माझ्यासारख्या किरकोळ माणसाच्या उद्योगाशेजारी ते नाव घेण्याचा संकोचही वाटतो. परंतु हातात लेखणी आणि अंगात सामर्थ्य असताना नवे काही न सांगण्याचा जो संयम तिथे आहे, तो आज आपण विद्यार्थ्यांना शिकवत नाही.

अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाने एक प्रकल्प करायचा असतो. दरवर्षी नवा. ग्रंथालयाची नोंदवही, हजेरीपट, छोटे संकेतस्थळ. तेच विषय पुन्हा पुन्हा कोऱ्या पाटीवर लिहिले जातात, त्यांचे बाड बांधले जाते आणि धूळ खाते. गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेला प्रकल्प यंदाच्या मुलांच्या हाती देऊन ‘हा वापरणाऱ्याला कळू न देता आतून सुधारा’ असे का सांगू नये? नोकरीत गेल्यावर यांतील बहुतेकांना दुसऱ्याचीच आज्ञावली उघडून बसायचे आहे. कारकुनाला पहिल्या दिवशी मागच्याची फाईल मिळते, कोरी नव्हे.

पत्त्याविषयीही थोडे सांगायला हवे. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्येच एका छोट्या लेखात बजावले होते, की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात; म्हणून जे बदलू शकते ते पत्त्यात घालूच नये. विषयाचे वर्गीकरण बदलते, लेखकाचे पद बदलते, तंत्र बदलते. त्या यादीत आपण महाराष्ट्रातील शिक्षकांनी इयत्ता आणि जिल्हा या दोहोंची भर घालायला हरकत नाही. माझ्या पत्त्यांत आता यांपैकी काहीच नाही. केवळ क्रमांक आहे, म्हणून तो वहीत लिहून घेता येतो, फोनवर सांगताही येतो. देवनागरी पत्ता दिसायला गोड असतो. पण कित्येकदा संदेशातून पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची आगगाडी होऊन पलीकडे पोचतो.

आता पुन्हा त्या श्रीअहिल्यानगरकडे. प्रत्येक बदलाआधीची अवस्था जपून ठेवणारे ‘गिट’ हे साधन 2005 पासून उपलब्ध आहे. त्याच्या कृपेने मी एका आज्ञेत आदल्या रात्रीवर परत आलो. मग पानापानावर जाऊन, डोळ्यांनी वाचून, प्रत्येक ‘अहमदनगर’ पुढे थांबलो. आजच्या पत्त्यातील नाव बदलायचे, हे उघड होते. चांदबीबीने 1595-96 मध्ये मोगलांविरुद्ध लढवलेला किल्ला अहमदनगरचाच ठेवला. 1944 साली पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ ज्या किल्ल्यात लिहिले, तिथे जरा घोटाळलो. शेवटी जुने नाव ठेवून कंसात ‘आजचे अहिल्यानगर’ असे घातले. 1947 साली स्थापन झालेल्या अहमदनगर महाविद्यालयाच्या नावाला हात लावण्याचा मला अधिकारच नव्हता. विशेषनाम ज्याचे त्याचे. एकच शब्द, परंतु कुठे तो पत्ता होता, कुठे इतिहास होता आणि कुठे एखाद्याचे नाव. दिसायला सारख्या असलेल्या गोष्टी एकत्र करणे चौकटीला जमते. त्या खरोखर सारख्या आहेत का, हे तिला ठरवता येत नाही. या वाचनाला उन्हाळ्याची जवळजवळ निम्मी सुटी गेली. चारशे पाने मीच लिहिली होती, तरी इतक्या सावकाश मी ती पूर्वी कधी वाचली नव्हती. चांदबीबीच्या पानावरची सालाची एक जुनी चूकही त्यात सापडली.

दरम्यान, 2025 साली शासनाने शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचे ठरवले. या खेपेस माझ्या चौकटीत दोन ओळी बदलल्या आणि पडताळ्यात एकही पत्ता तुटला नाही. 2011 च्या त्या जुन्या ‘सातवी’च्या पत्त्यावर चिठ्ठीवाटे आठवीचे संच उघडतात, ते तसेच उघडत राहतील, वहीत तो पत्ता असलेले कोणी अद्याप असेलही. सातवीच्या नव्या संचांना नवा क्रमांक दिला आहे. मराठीचा पहिला संच लिहून झाला, बुद्धिमत्ता चाचणीचा निम्मा झाला आहे, आणि गणिताचा सहकाऱ्याकडून यायचा आहे. टोळ्या निघण्यापूर्वी तिन्ही चढवायचे आहेत.